दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं

सर,

परवा तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. सूत्रसंचालकांनी दोनदा नाव पुकारलं, "सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी, शेवगावला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मनीषाताई," आणि मी दोन्ही वेळा बसल्या जागेवरून हात जोडले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाहीये. तसं काही नव्हतं. माझ्या आधी जे बोलले त्यांनी तुमच्या 'सहानुभूती'चं इतकं कौतुक केलं की मला सारखं वाटत होतं, आता तुम्ही मागच्या रांगेतून उठाल, चष्मा कपाळावर चढवाल आणि म्हणाल, "एक मिनिट. शब्द चुकतोय."

त्या शब्दाशी तुमचं आयुष्यभराचं भांडण. कुणाच्या दुःखात आपण दुःखी होणं ही सहानुभूती, ती चांगलीच, पण ती नंतरची पायरी, असं तुम्ही म्हणायचात. 'समानुभूती' तर तुम्हाला मुळीच चालायचा नाही. "सम कुठून आलं? त्याला झालं तसंच मलाही झालं, तर मग तो उरला कुठं?" तुमचा शब्द होता 'परानुभूती'. दुसऱ्याला काहीतरी होतंय हे दिसणं, आणि ते त्याचं आहे, माझं नाही, हेही त्याच क्षणी कळणं. शोकसभेत हा शब्द कुणीच काढला नाही. मी उठून काढला असता तर तो तास झाला असता, शोकसभा राहिली नसती. म्हणून गप्प बसले. आता घरी बसून लिहितेय. तुम्ही तपासणार नाही, म्हणून जरा मोकळेपणानं.

मला तुमचा पहिला तास आठवतो. तत्त्वज्ञान घेतलेले आम्ही सात जण, त्यातल्या पाच जणांना दुसऱ्या विषयात जागा मिळाली नव्हती. मीही त्या पाचांतलीच. पाथर्डीच्या पुढच्या खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी, बोलले तर भाषा हसण्यावारी जाईल म्हणून न बोलणारी. तुम्ही आलात, हजेरी घेतली, तांब्यातलं पाणी प्यायलात आणि म्हणालात, "माझ्याकडं बघा आणि काय दिसतं ते सांगा."

कुणी म्हणालं, सर विचारात आहेत. कुणी म्हणालं, थकलेत. माझ्याकडं बोट आलं तेव्हा मी उठून म्हणाले, "सर, तुमचा दात दुखतोय."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "कशावरून?"

"पाणी पिताना तुम्ही मान डावीकडं केली. उजवीकडून पाणी जाऊ दिलं नाही."

"तुझा दात दुखतोय का?"

"नाही सर."

"म्हणजे माझं दुखणं तुला दिसलं. पण तुला दुखलं नाही." तुम्ही खडू उचलला आणि परत ठेवून दिला. "हे कसं काय होतं, यावर आपण वर्षभर बोलणार आहोत. याला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. नाव लांबलचक आहे, घाबरू नका. मी त्याचं मराठी केलंय, 'आधी बघ, मग म्हण'."

त्या दिवशी दुपारी तुम्ही दात काढून आलात आणि सुजलेल्या गालानं मला वऱ्हांड्यात गाठून म्हणालात, "निदान बरोबर होतं." कॉलेजात आल्यापासून माझं काही बरोबर आलेलं ते पहिलंच.

दुसऱ्या वर्षी, पौषात, माझे वडील गेले. दिवाळी झाली की आई-वडील दोघंही ऊसतोडीला जायचे, तसे त्या वर्षीही गेले होते. लांबच्या एका कारखान्याकडं उसानं भरलेली ट्रॉली निघाली होती, वडील वर बसले होते, ते खाली पडले. गावी आणलं तेव्हा मी तोंड पाहिलं एवढंच. तेरावा झाल्यावर परत वर्गात येऊन बसले. प्राचार्यांपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "तुझं दुःख आम्ही समजू शकतो."

तास संपल्यावर तुम्ही थांबवलंत. म्हणालात, "मनीषा, मला तुझं दुःख समजत नाही. माझे वडील म्हातारे होऊन, घरात, आमच्या सगळ्यांच्या देखत गेले. तुझं वेगळं आहे. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको."

मला इतका राग आला होता, सर! खोलीवर जाऊन मैत्रिणीला म्हटलं, हा माणूस आहे का दगड? तीन दिवस मी तुमच्या तासाला बसले नाही. चौथ्या दिवशी तुमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिले आणि बोलायला लागले, ते शिपायानं कुलूप दाखवेपर्यंत बोलत राहिले. का, ते मला फार पुढं कळलं. बाकी सगळ्यांना आधीच समजलेलं होतं. त्यांना सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग एका रविवारी तुम्ही आमच्या गावी आलात. नगरहून एस.टी.नं पाथर्डी आणि तिथून जीपनं, माणसांत दाटीवाटीनं बसून. आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नसली तरी भेटायला येणारा प्रत्येक जण तिला दोन गोष्टी सांगायचा, रडू नको आणि पोरीकडं बघ. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. चहा झाला आणि तुम्ही विचारलंत, "कसे होते हो ते?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, "लई हट्टी हुते."

आणि मग ती बोलायला लागली. माझा बाप कुत्र्यांना भ्यायचा. थंडी कितीही पडो, पाय गोधडीच्या बाहेर काढल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. मी शाळेत जायला लागल्यावर माझ्या पाटीवरून त्यानं चोरून अक्षरं शिकून घेतली होती आणि तोडीला जाताना तो रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा. निम्म्या चुकायच्या. "मी मनायचे, पोरीला वाचून दावा की. तर मनायचे, नगं, ती हसंल."

हे मला माहीत नव्हतं. माझा बाप मला माहीत होता असं मी धरून चालले होते. त्या दोन तासांत आईच्या डोळ्यांतून मला एक निराळा माणूस दिसला, लाजणारा, आणि तो गेल्यावर मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले. त्याआधीचं रडणं बहुतेक माझ्यासाठीच होतं.

परत जाताना मी तुम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. चालता चालता तुम्ही तुमच्या गावचं, सोनईचं सांगितलंत. तुमचं घर बागायतदाराचं, उसाचं. लहानपणी तुमच्या मळ्यात तोडणी आली की ओढ्याकाठी कोपी पडायच्या, उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्या. तुम्ही रोज त्यांच्यावरून शाळेत जायचात. "बांध, विहीर, कोपी. सगळं एकसारखंच दिसायचं मला," तुम्ही म्हणालात. "एक दिवस एक बाई कोपीच्या तोंडाशी मुलीची वेणी घालत होती. मी तिथून चाललो होतो, तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि मुलीला काहीतरी सांगून हसली. मनीषा, माझे पायच थांबले. तिला मी दिसतोय! त्या बाईच्या नजरेत मी कोणीतरी आहे, मालकाचा पोरगा, नीटनेटका, कदाचित येडपट. तोवर मला वाटायचं, बघणारा मी एकटाच."

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"घरी गेलो. आरशात बघितलं."

मला हसू आलं. बाप गेल्यानंतरचं ते पहिलं हसणं असेल. मग तुम्ही गंभीरपणे म्हणालात की माणूस एकट्यानं माणूस होत नाही. दुसऱ्याला आपण कसे दिसतो हे जेव्हा आपल्याला दिसतं, तेव्हा कुठं आपली आपल्याला ओळख व्हायला लागते. जीप आली म्हणून तो विषय तिथंच राहिला.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात आईनं मला एक गोष्ट सांगितली. ती इथं लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिव्ह. आता काय." म्हणून लिहितेय. वडील गेले त्या सकाळी त्यांच्या अंगात ताप होता. आज जात नाही, म्हणत होते. आई त्यांना बोलली. बायकांसारखं झोपून काय राहता, म्हणाली. ते उठले आणि गेले. आईनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांसमोर ती न रडता, न हलता बसायची, कारण तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल अशी तिला धास्ती होती.

हे माझ्या पोटात होतं, सर, आणि तुम्हाला याचा पत्ता नव्हता. म्हणून नंतर जे झालं ते झालं.

मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. नगरलाच चर्चासत्र होतं आणि तुमचा निबंध होता दुःख आणि चेहरा यांच्यावर. मी दुसऱ्या रांगेत वही उघडून बसले होते. तुम्ही तुमचं आवडतं म्हणणं मांडत होतात. चेहरा ही दुःखाची खूण नसते, धुरावरून आपण विस्तव ओळखतो तसं चेहऱ्यावरून दुःख ओळखत नाही, दुःख चेहऱ्यातच असतं आणि आपण ते थेट बघतो. मग उदाहरण आलं. ऊसतोडणी करणारी एक विधवा. तुम्ही तिच्या घरी गेला होतात. "त्या चेहऱ्यावर मी जो शांत स्वीकार पाहिला," तुम्ही वाचलंत, "तो आपल्या शिकलेल्या माणसांत मला क्वचितच दिसला आहे."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाई वळून मला म्हणाल्या, "तुमच्याकडचीच असेल ना ही?"

चहाच्या टेबलापाशी मी तुम्हाला गाठलं. तुमच्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात बशीत चिवडा.

"सर, ती माझी आई आहे."

"हो. मी नाव घेतलेलं नाही."

"तिला विचारलंत?"

तुम्ही कप टेबलावर ठेवलात.

"आणि तो स्वीकार नव्हता."

"मग काय होतं?"

"ते मी नाही सांगणार. पण तुम्हीच शिकवलंत ना, आधी बघ, मग म्हण? तुम्ही बघितलंच नाही. तुम्हाला जे पाहिजे होतं ते तुम्ही तिच्या तोंडावर नेऊन ठेवलंत."

आवाज चढला होता माझा. आजूबाजूचे वळून बघायला लागले. तुम्ही बचाव केला नाहीत, एवढं मला त्याही वेळी दिसलं, पण त्याचं मोल करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. तशीच स्टँडवर आले आणि शेवगावच्या गाडीत बसले. आठवड्यानं तुमचं पत्र आलं. तीन ओळी. "तू म्हणालीस ते बरोबर आहे. माझी चूक झाली. कधी वाटलं तर ये." मला ते फार स्वस्तातलं वाटलं. मी ते एका पुस्तकात घातलं आणि उत्तर दिलं नाही. चार वर्षं दिलं नाही.

त्या चार वर्षांत मी वर्गात तुमचीच उदाहरणं देत होते, बरं का. तुमच्यासारखाच खडू उचलून परत ठेवत होते. मुलं म्हणायची, मॅडम लिहीत का नाहीत?

मग काकूंचा फोन आला. त्यांनी मागचं काहीच काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मनीषा, ह्यांना कंपवात झालाय. हात हलतो, वाचताना ओळ सुटते. तू शनिवारी येऊन वाचून दाखवशील का थोडं?" तुम्हाला त्यांनी विचारलं होतं का, ते मला अजून माहीत नाही.

तुमच्या सावेडीच्या फ्लॅटचा जिना चढताना मी काय बोलायचं ते ठरवून आले होते. दार उघडलं. तुम्ही खिडकीपाशी खुर्चीत. मी पाया पडले आणि वर पाहिलं, तर तुमचा चेहरा भिंतीसारखा. ओळख नाही, राग नाही, काही नाही. "बस," म्हणालात, तेही पुटपुटल्यासारखं. मी दहा मिनिटं बसले. मनात म्हटलं, बरोबर आहे, मी याच लायकीची. निघते म्हणून सांगायला स्वयंपाकघरात गेले.

काकू चकितच झाल्या. "निघालीस? अगं, ते केवढे खूश आहेत!"

"खूश?"

"चेहरा हलत नाही आता त्यांचा. दुखणंच तसं आहे. मलासुद्धा आधी वाटलं, माझ्यावर रुसलेत. दोन महिने मी आमटीत मीठ कमी-जास्त करून बघत होते."

मी परत येऊन बसले. जिनं पाण्याच्या एका घोटावरून तुमचा दात ओळखला होता, ती तुमचा आनंद ओळखू शकली नव्हती. तुम्ही सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणालात, "चेहरा... आता खोटं बोलतो. तू... ऐकत जा."

त्या दिवशीच मी विचारलं, तो निबंध छापून आला का.

"नाही. मागं घेतला."

"माझ्यामुळं?"

तुम्ही बराच वेळ घेतलात. मला वाटलं शब्द सापडत नाहीत. "जे दिसलं नव्हतं... ते लिहिलं होतं," म्हणालात. त्यावर मी चार वर्षांच्या अबोल्याबद्दल माफी मागायला हवी होती. सर, ती राहून गेली. मला वाटलं, आता दर शनिवारी येणारच आहे, मागू केव्हातरी.

दोन वर्षं दर शनिवारी दुपारी मी येत राहिले. वाचन कमी आणि भांडणच जास्त. एकदा तुम्ही काकूंना आरसा आणायला लावलात, त्यात बघत बसलात आणि मला म्हणालात, "मी हसतोय."

"दिसत नाही, सर."

"मग कसं कळलं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून." आणि मला राहवलं नाही. "म्हणजे तुमचा सिद्धांत पडला. आनंद चेहऱ्यातच असतो, आपण तो थेट बघतो, असं असेल तर आता तो कुठंय? आत आहे आणि बाहेर दिसत नाही. म्हणजे चेहरा खूणच होता. धूर गेला, विस्तव आहे."

बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. आजारी माणसाला त्याच्या आजाराचं उदाहरण देऊन हरवायचं! तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण खुर्चीच्या हातावर तुमची बोटं थडथड वाजायला लागली आणि तुम्ही म्हणालात, "पहिल्यांदा... अडकवलंस. इतक्या वर्षांत."

तो आठवडा तुम्ही आनंदात काढलात, असं काकू सांगत होत्या. पुढच्या शनिवारी उत्तर तयार होतं. काकूंना बोलावलंत आणि विचारलंत, मी खूश आहे की नाही हे तुला कसं कळतं?

"मला काय माहीत? कळतं," काकू म्हणाल्या आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या.

"बघ," तुम्ही म्हणालात. "ती हिशोब... मांडत नाही. तिला दिसतं. चेहरा म्हणजे... नाक-डोळे नव्हेत. माझं बसणं. माझं थांबणं. सगळा मी."

"तो चाळीस वर्षांचा सराव आहे, सर. सराव म्हणजे लवकर केलेला तर्कच."

"सराव म्हणजे... बघायला शिकणं."

"शिकावं लागतं, म्हणजे थेट नाही."

तुम्ही हात वर केलात. दमला होतात. "पुढच्या शनिवारी," म्हणालात.

पुढच्या शनिवारी तुम्ही न्यूमोनियानं दवाखान्यात होतात, नाकाला नळी. त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही नव्हतात.

तुमचं उत्तर काय होतं, यावर मी बराच विचार केला. तुमच्या वतीनं माझा एक अंदाज आहे. तुम्ही म्हणाला असतात, चालायलाही शिकावं लागतं, म्हणून काय पाय आपले नसतात? आणि मी म्हणाले असते, पाय आणि नजर एक नाही. मग काकूंनी पोहे आणले असते. पण हे सगळं मीच तुमच्या तोंडी घालतेय, आणि तसं करण्याबद्दलच मी एकदा तुम्हाला भर चर्चासत्रात बोलले होते. तेव्हा तुमचं उत्तर मला माहीत नाही, असंच ठेवते.

शेवटचं दर्शन घेताना सगळे म्हणत होते, किती शांत दिसतायत, समाधानानं गेले. मी तुमच्या चेहऱ्याकडं पाहिलं. दाढी केलेली होती, कपाळावर बुक्का होता. मी त्यात काही वाचलं नाही.

शोकसभेत एकानं माझ्याकडं हात करून सांगितलं की ऊसतोड कामगाराच्या मुलीला सरांनी घडवलं. तुम्हाला 'घडवलं' आवडायचं नाही. कुंभाराचा शब्द म्हणायचात, पोरं काय मडकी आहेत? माझ्या नेमणुकीचा पेढा तोंडात असताना तुम्ही मला म्हणाला होतात, "तुझ्यात नव्हतं ते मी घालू शकलो नसतो. होतं ते मी बघितलं, आणि मी बघतोय हे तू बघितलंस. संपलं." तेव्हा मला हा विनय वाटला होता. आता वाटतं, ते नुसतं खरं होतं. वर्गात मागच्या बाकावर, बोलली तर हसतील म्हणून गप्प बसलेली एखादी मुलगी मला दिसते, मी तिच्याकडं बघते, आणि तिची मान जराशी वर येते. एवढंच असतं ते. एवढ्यावरच पुढचं सगळं उभं राहतं.

आता शेवटची गोष्ट. हीच सांगायची होती, बाकीचं येता येता आलं.

काल रविवार, मी गावी गेले होते. आईला तुमचं फोनवर कळवलं होतं, तेव्हा ती नुसतं "अरं देवा" म्हणाली होती. मी गेले तेव्हा अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी शेजारी बसले. पाखडता पाखडता ती म्हणाली, "लई चांगला मानूस. दोनदा आल्ता आपल्याकडं, पर दोन्ही टायमाला जेवला न्हाई."

"दोनदा?"

"व्हय. तू बोलत नव्हतीस न्हवं त्येंच्याशी, तवा."

मी तिच्याकडं वळले. ती पाखडत राहिली आणि सांगत राहिली. तुम्ही एकटेच आला होतात. चपला बाहेर काढल्यात, पण आत आला नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिलात. म्हणालात, मी तुमच्याबद्दल लोकांत काहीतरी सांगितलं, तुम्हाला न विचारता, आणि ते चुकीचं होतं. माफी मागायला आलोय.

"मी मनलं, काय सांगितलं? तर मनले, तुमी दुःख शांतपनानं सोसलं, असं सांगितलं. मला हसूच आलं बग. मनलं, बसा गुरुजी. आन् मग सांगितलं समदं."

"सगळं? सकाळचं?"

"समदं. तापाचं, मी बोलले ते. तुज्याबिगर कुनालाच म्हाईत नव्हतं. त्येंनी ऐकून घेतलं. तुमचा काय दोस, असं बी न्हाई मनले. लोकं लगीच मनत्यात ना, तसं. नुसते मनले, लई वरसं एकटीनं वागवलं तुमी. मला बरं वाटलं."

मी दोन वर्षं दर शनिवारी तुमच्यासमोर बसत होते, सर. निबंध का मागं घेतला, हे तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. चर्चासत्रात "ते मी नाही सांगणार" असं ज्याबद्दल म्हणाले होते, ते तुम्हाला माहीत होतं. एका शब्दानं बोलला नाहीत. मला सांगितलं असतंत तर तुमचं पारडं जड झालं असतं. मी तिथल्या तिथं रडून माफी मागितली असती. आईनं तुम्हाला दिलं ते आईचं होतं, म्हणून तुम्ही ते माझ्यापाशीसुद्धा काढलं नाहीत.

"मला का नाही सांगितलंस ते येऊन गेल्याचं?" मी आईला विचारलं.

"ते मनले, तिच्यावर वजं नगं. तिला यायचं तर तिच्या मनानं यिऊ द्या." मग सूप खाली ठेवून पदरानं हात पुसत ती म्हणाली, "त्येंनी बी मला त्येंचं सांगितलं, त्या दिशी."

"त्यांचं? काय सांगितलं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी शब्दांत मांडायला जाणार नाही.

"ते न्हाई सांगायची मी," ती म्हणाली. "त्येंनी माजं सांगितलं का तुला?"

"नाही."

"मग?"

तिनं सूप परत उचललं. कचरा वाऱ्यावर गेला, दाणे खाली राहिले. मी तिच्या शेजारी बसून राहिले, सर. पुन्हा विचारलं नाही.

तुमची,
मनीषा